नामेलेची दोन पानं

आमच्या बेटावर मला सगळे बुबू म्हणतात. बुबू म्हणजे आजोबा. ज्यांचा मी आजोबा लागत नाही तेही म्हणतात, कारण माझं खरं नाव घेतलं की मी लगेच गोष्ट सुरू करतो अशी त्यांची तक्रार आहे. कासवाच्या पाठीवर बसून मी सांतो बेटावर जाऊन आलो, हे मी इतक्यांदा सांगितलंय की त्या कासवाचा चेहरा आता मला स्वप्नातही दिसतो. समोरच्या ज्वालामुखीतल्या भुताला तंबाखू ओढायला मीच शिकवलं, म्हणून त्याचा धूर निघतो, हेही गावातल्या प्रत्येक पोराला मीच सांगितलं. माझ्या खोट्यानं कधी कुणाचं केसभर वाईट झालं नव्हतं. त्या रविवारपर्यंत.

लेइपाकोआ ही माझ्या वारलेल्या भावाची नात. तिचा नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला म्हणून गेला आणि तिकडचाच होऊन बसला. दुसरी कुणी असती तर रडून मोकळी झाली असती. ही राजधानीत, व्हिलाला गेली, तिथे चार महिने कुणाकडे तरी राबली आणि परत आली ती एक हातघाणा घेऊन. दांडा दाबायचा, खालून तेल. तोवर आमच्याकडे नारळाचं एकच काम होतं: फोडायचे, धुरावर सुकवायचे, पोत्यात भरायचे आणि जहाजवाला देईल तो भाव मुकाट्यानं घ्यायचा. बायकांचे डोळे धुरानं कायम लाल. लेइपाकोआनं फणसासारख्या त्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली बांबूची खोप उभी केली, वर पत्रा टाकला आणि सोळा बायका जमवल्या. त्या सकाळी ताजं खोबरं किसतात, लोखंडी तव्यावर शेकतात आणि गरम असतानाच घाण्यात घालून दांड्यावर लोंबकळतात. तेल असं निघतं की पाणीच वाटावं.

व्हिलाला साबण बनवणारी एक बाई आहे, ती हे सगळं तेल घेते. दोन वर्षांत काय झालं ते मी खोटं न मिसळता सांगतो. त्या सोळाजणींतल्या सेराच्या घरात पाऊस येईनासा झाला. पाण्याची टाकी आली, म्हणून पोरींच्या डोक्यावरच्या बादल्या उतरल्या. गावातली सात मुलं पलीकडच्या बेटावर मोठ्या शाळेत गेली. आणि बायका पुरुषांशी बोलताना जमिनीकडे बघेनाशा झाल्या. ही शेवटची गोष्ट सगळ्यांनाच आवडली असं नाही.

साबणवाल्या बाईची अट एकच होती. जहाजाच्या दर फेरीला तीस कॅन आलेच पाहिजेत. एकदा वादळानं चुकलं. दुसऱ्यांदा कमी पडले. तिसऱ्यांदा चुकलं तर ती एपी बेटावरच्या लोकांकडून तेल घेणार होती, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक समुद्र ओलांडून परत येत नाही. मी सांगतोय ती फेरी तिसरी होती.

दुसऱ्यांदा कमी का पडले? नातेवाइकांमुळे. केसांना लावायला थोडं, बाळाच्या अंगाला थोडं, चुलतभावाच्या लग्नात पाहुण्यांच्या पायांना थोडं. येताना प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. आमच्या गावात याआधी तीन दुकानं निघाली आणि तिन्ही नातेवाइकांनी खाल्ली. खाल्ली म्हणजे खरोखरच: तांदूळ, डब्यातले मासे, बिस्किटं. ‘नाही’ असा शब्द आमच्या भाषेत आहे, पण तो नातेवाइकाला वापरत नाहीत. आणि बेटावर जो कुणाचाच नातेवाईक नाही तो नक्की वादळात वाहून आलेला असणार.

शनिवारी लेइपाकोआ माझ्याकडे येऊन ओट्यावर बसली. तीस कॅन भरून, बूच लावून तयार होते. जहाज पुढच्या शनिवारी यायचं होतं. मधे तिच्या चुलत्याकडे रताळ्यांच्या काढणीची मोठी पंगत होती आणि बाटल्या निघालेल्या तिनं पाहिल्या होत्या. तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, “बुबू, मी भुकेनं नाही मरायची. मी नातेवाइकांनी मरणार.”

मला तिची दया आली, आणि दया आली की मला खोड्या सुचतात.

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये होतं. माझा गुडघा धरला होता, निदान मी तसं सांगितलं होतं. टेकडीवरच्या नामेलेच्या झाडाची दोन लांब पानं मी कापून आणली आणि खोपीच्या दारात आडवी-तिडवी खोवून टाकली. नामेलेची पानं दारात दिसली की तिथे पाय टाकायचा नाही, आतल्या वस्तूला हात लावायचा नाही. ती लावायचा अधिकार चीफचा. ज्यानं लावली त्यानंच काढायची. का लावली असं कुणी विचारत नाही, विचारणं हाच मुळी उद्धटपणा. चीफ कालसुआक जमिनीच्या बैठकीला व्हिलाला गेला होता. मला वाटलं, लोक समजतील त्यानंच कुणाकरवी लावली. जहाजाच्या दिवशी पहाटे मी गुपचूप काढून टाकीन. अधिकार नसताना पानं लावणाऱ्याला सुळे वळलेला डुक्कर दंड म्हणून द्यावा लागतो, आणि तसा एक डुक्कर माझ्याकडे आहे, नऊ वर्षं स्वतःच्या ताटातलं घालून वाढवलेला. पण तो जायचा नाही याची मला खात्री होती. पकडला जाणारा खोटारडा मी कधीच नव्हतो.

चर्च सुटलं. बाटल्यावाले आले. पहिल्यानं पानं पाहिली आणि तो असा थांबला की मागचा त्याच्यावर आपटला. बाटल्या पाठीमागे लपवून सगळे उलट्या पावली गेले. मी माझ्या ओट्यावर बसून उकडलेला तारोचा कंद खात होतो. हसून हसून मला ठसका लागला.

मग लेइपाकोआ आली.

ती दारापाशी पोहोचली, आणि थांबली. तिच्या हातात गाळायची धुतलेली कापडं होती, ती तिनं छातीशी धरली. स्वतःच्या खोपीच्या दारात ती परक्यासारखी उभी राहिली. आत जायला तिनं पाऊल उचललंच नाही. तारोचा घास माझ्या तोंडातच राहिला. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नामेलेला मालक कळत नाही. ती चोरालाही अडवते आणि धन्यालाही.

मी लगेच उठून सांगायला हवं होतं. संध्याकाळी तिच्या घरी गेलोसुद्धा. पण तिथे बायका बसल्या होत्या, सगळ्या कुजबुजत होत्या, आणि मला बघून लेइपाकोआ म्हणाली की चीफ परतला की तो सांगेल, काहीतरी कारण असेल. तिच्या आवाजात इतका धीर होता की मला वाटलं, उद्या सांगू. उद्या चीफला गाठून हळूच सांगू. मी जिभेवर जगलेला माणूस, पण त्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

सोमवारी सेरानं खोपीत हात घातला. तिच्या बाळाची चादर आत बांबूवर टांगलेली राहिली होती. दोन पानांच्या मधून तिनं हात आत घातला आणि चादर ओढून घेतली. पान तिच्या कोपराला घासलं. तिथे उभ्या असलेल्या तिघींनी ते पाहिलं. मंगळवारी सकाळी सेराला थंडी भरली, दात वाजायला लागले. हिवताप आमच्याकडे पावसासारखा येतो-जातो. पण त्या दिवशी हिवताप हा शब्द कुणाच्याच तोंडून निघाला नाही.

मंगळवारी दुपारी चीफ होडीतून उतरला. लोकांनी त्याला थेट खोपीपाशी नेलं. तो बराच वेळ पानांकडे बघत उभा राहिला. मी गर्दीच्या मागे होतो. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“ही मी लावलेली नाहीत,” तो म्हणाला.

त्याच्या हाताखालच्या दोघांनीही मान हलवली. त्यांनीही नाही.

इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी वादळाच्या मध्यातच पाहिली होती, जेव्हा वारा थांबतो आणि सगळ्यांना ठाऊक असतं की तो दुसऱ्या बाजूनं परत येणार आहे.

चीफनं नाही, त्याच्या माणसांनी नाही, तर मग कुणी? डोंगरापलीकडच्यांनी, ज्यांच्याशी जमिनीचा वाद आहे? की ज्यांची नावं आम्ही घेत नाही त्या कधीच मेलेल्या जुन्या माणसांनी? त्या दिवसापासून खोपीसमोरची वाट ओस पडली. लोक ओहोटीची वेळ बघून खडकांवरून फिरून जायला लागले. मुलांना घरात ठेवलं. विहिरीवर बायका जोडीनं जात होत्या. मला प्रत्येक घरासमोर थांबून सांगावंसं वाटायचं की अरे, तो मी होतो, हा बघा माझा कोयता. आणि प्रत्येक घरासमोर माझे पाय मला पुढे न्यायचे.

बुधवारी भीतीला तोंड फुटलं. गरिबाच्या शेजारी आजार आला की लोक त्याला नशीब म्हणतात, आणि जिच्या घरात चार दिवस बरे आलेत तिच्या शेजारी आला की करणी म्हणतात. लेइपाकोआच्या नवऱ्याचा थोरला भाऊ कालवात नाकामालमध्ये, म्हणजे आम्हा पुरुषांच्या बैठकीच्या खोपीत, मुळांच्या रसाची, कावाची वाटी रिकामी करून बोलला. त्याचं म्हणणं असं की नारळ सगळ्यांच्याच झाडाला लागतात, मग हिच्याच नारळातून एवढं काय निघतं? तिच्याबरोबर काहीतरी वावरतंय, आणि ते काय आहे हे जुन्या माणसांना कळलंय, म्हणून त्यांनी पानं लावली. कुणी हो म्हटलं नाही. पण कुणी नाहीही म्हटलं नाही, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ होच होतो.

बायका एकेक करून फुटल्या. ज्या दांड्यावर लोंबकळून गाणी म्हणायच्या त्या आता तिला रस्त्यात बघून मुलांना पोटाशी घ्यायच्या. लेइपाकोआच्या घराच्या पायरीवर कुणीतरी तिनं वाटलेल्या नव्या खवण्या आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. बायका नुसत्या ठेवून गेल्या.

कालवातनं उपाय काढला. शुक्रवारी दुपारी खोप आतल्या मालासकट जाळायची. आगीनं सगळं सुटतं. चीफ म्हणाला, शुक्रवारपर्यंत थांबू. लावणारा पुढे आला तर ठीक. नाहीतर जाळा. आणि खोप जळली तर पुढचा प्रश्न लेइपाकोआचाच असणार होता, हे सगळ्यांना कळत होतं. खोप जाळून ज्यांची भीती जात नाही ते माणसाकडे वळतात. मी लहान असताना आमच्या बेटावर एकीला असंच होडीत बसवून सोडून दिलं होतं. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. माझ्या गोष्टींत तिला जागा नाही.

त्याच दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं. खोट्या हातानं नामेले लावणाऱ्याचं पोट फुगतं असं माझी आजी म्हणायची. मी त्यावर आयुष्यभर हसलो. आता मी झोपून पोटावर हात ठेवायचो आणि ते कालच्यापेक्षा मोठं झालंय का हे बोटांनी मोजायचो.

गुरुवारी, उन्हं उतरताना, मी नाकामालमध्ये गेलो. सगळे होते. मी कावा घेतला नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, “पानं मी लावली.”

मग कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, “आणि बुबू, कासव कुठे होतं तेव्हा?”

नाकामाल हसून फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्या माणसांना हसायला मिळालं होतं, ते थांबेनात. कालवातच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, आता बुबू उद्या सांगतील की सेराला तापही मीच दिला. मी सांगत राहिलो: टेकडीवरचं झाड, रविवारची वेळ, गुडघ्याचं खोटं. जितकं नेमकं सांगावं तितकं ते जास्त हसत होते, कारण माझ्या सगळ्याच गोष्टी नेमक्या असतात. कासवाच्या पाठीवर उजव्या बाजूला चीर होती, हेही मी दरवेळी सांगतो.

शेवटी चीफनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “भावाच्या नातीसाठी तुम्ही स्वतःवर घेताय,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही चांगले आहात, बुबू. घरी जा.”

आयुष्यात एकदा खरं बोललो आणि चांगला माणूस ठरलो. याहून वाईट शिक्षा मला माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी, न्याहारीच्या सुमारास, किनाऱ्यावरून शंख वाजला. जहाज दिसत होतं. एक दिवस आधीच आलं होतं. आमच्याकडे जहाज त्याच्या मनाला येईल तेव्हा येतं, आणि प्रवाळाच्या बाहेर तासभर थांबतं. त्यानंतर थांबत नाही.

मी खोपीकडे निघालो. मनात ठरवलं होतं की कुणी विश्वास ठेवो न ठेवो, पानं उपटून हातात घ्यायची. दहा पावलांवर असताना ती दिसली. लेइपाकोआ दारासमोर उभी होती. वाटेच्या पलीकडे, बऱ्याच अंतरावर, बायका घोळक्यानं उभ्या होत्या. एका झाडाखाली कालवात, शेजारी रॉकेलचा डबा. चीफ हातात काठी घेऊन.

मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. ती पानांकडे बघतच बोलली.

“काल नाकामालमध्ये काय बोललात ते ऐकलं.”

“खरं आहे ते, पोरी.”

तिनं मान वळवून माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही खोटं बोलता तेव्हा माझ्या डोळ्यांत बघता,” ती म्हणाली. “आज जमिनीकडे बघताय.”

तिच्या तोंडावर राग आला, मग तो गेला, आणि मग जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती म्हणाली, “मग काढा.”

मी हात पुढे केला. पानांपासून वीतभर अंतरावर तो थांबला. मी त्याला ढकललं, तो गेला नाही. पाच दिवस सगळं बेट त्या पानांना घाबरलं होतं, आणि इतक्या माणसांची भीती एका जागी साठली की ती जागा भरून जाते. माझीच पानं, माझ्याच कोयत्याचा काप त्यांच्या देठावर. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

तीही उभी होती. पानांत काही नाही हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांचेही पाय हलत नव्हते.

जहाजानं भोंगा दिला.

लेइपाकोआनं डोळे मिटले. खाली वाकली आणि दोन पानांच्या मधून, त्यांना न हलवता, अंग चोरून आत गेली. पलीकडून एक बाई घशातून बारीक आवाज करत मागे सरकली. मी थांबलो. सगळे थांबले. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग बाजूच्या खिडकीत एक कॅन आला, आणि त्यामागे तिचं तोंड. ती जिवंत होती. पांढरी पडली होती, पण जिवंत होती.

कॅन खिडकीत ठेवून ती दुसऱ्यासाठी वळली. वीस लिटरचा कॅन, तसे तीस, आणि किनारा दोन हाकांच्या अंतरावर. एकटीला जमणारं नव्हतं. मी पहिला कॅन उचलायला गेलो आणि गुडघा, खोटा नव्हे खरा, खाली बसला.

तेव्हा घोळक्यातून सेरा निघाली. अंगावर चादर, ओठ अजून निळे. तिच्या सासूनं हात धरला तो तिनं सोडवला.

“मला तर लागलंच आहे,” ती म्हणाली. “आता दुसऱ्यांदा काय लागणार?”

आणि तीही वाकून आत गेली.

बाकीच्या पंधराजणी जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई दोन पावलं पुढे आली, खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि चीफला विचारलं की पानं दारात आहेत की खिडकीत. चीफ म्हणाला, दारात. ती म्हणाली, मग खिडकीतून बाहेर आलेल्या कॅनचं काय? कालवातनं तोंड उघडलं. चीफनं न बघता काठी त्याच्यासमोर आडवी धरली. मग तो चालत आला, खिडकीतला पहिला कॅन खांद्यावर घेतला आणि किनाऱ्याकडे चालू लागला.

मग बायका आल्या. दार टाळून, लांबून वळसा घालून, खिडकीच्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि रांग किनाऱ्यापर्यंत गेली. नेहमी गाणी म्हणणाऱ्या बायका त्या दिवशी नुसतं श्वास घेत होत्या. कॅन हातात आला की प्रत्येकीचे खांदे आकसायचे, जणू तो चावणार आहे, आणि ती दहा पावलं चालून तो पुढे ढकलायची.

तीसच्या तीस वाळूवर गेले. खोपीतून दोघी बाहेर आल्या त्या खिडकीतूनच. दारातली पानं तशीच होती.

आम्हाला वाटलं सुटलो. पण जहाजाच्या छोट्या होडीतून कप्तान स्वतः किनाऱ्यावर आला होता. पामा बेटाचा माणूस, रुंद, अबोल. खलाश्यांपैकी कुणाची तरी मावशी आमच्या गावात आहे, आणि तिनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं. कप्तान कॅनपासून चार हात लांब उभा राहिला. नामेलेखालचा माल माझ्या जहाजावर चढणार नाही, तो म्हणाला. बाहेर लाटा वाढल्यात, खडक कमी नाहीत, माझ्या जहाजावर बायकामुलं आहेत. चीफनं सांगून पाहिलं. कप्तान म्हणाला, जमिनीवर तुमचं चालतं, पाण्यावर नाही.

लेइपाकोआ वाळूवर बसली. त्या रविवारपासून मी तिला अशी खचून बसलेली पाहिली नव्हती.

मी कप्तानासमोर जाऊन उभा राहिलो. “पानं मी लावली,” म्हणालो. “अधिकार नसताना. त्यात काही नाहीये.”

“मी ऐकलंय तुमच्याबद्दल,” कप्तान म्हणाला.

चीफ माझ्याकडे बघत होता, आणि या वेळी हसत नव्हता. “बुबू, तोंडानं तुम्ही काहीही बोलाल,” तो म्हणाला. “खरंच तुम्ही लावली असतील तर या कॅनवर बसून व्हिलाला जा. खोटं असेल तर भीतीनं तुम्ही बसणार नाही. मी तुम्हाला ओळखतो.”

कप्तानानं विचार केला. बुडायचंच असेल तर ज्यानं केलं तो सगळ्यांत आधी बुडेल, हे त्याला पटलं. त्यानं मान हलवली.

मी लेइपाकोआकडे पाहिलं नाही. होडीत चढलो. चीफनं मागून सांगितलं, “परत आलात की डुक्कर. आणि पानं तुमच्याच हातानं.”

जहाजाच्या मागच्या डेकवर कॅन रचले आणि त्यांच्यावर मला बसवलं. खलाशी लांबून जात होते. खडकांमधल्या फटीतून जहाज बाहेर निघालं तेव्हा डाव्या बाजूला लाट फुटली आणि पाणी माझ्या पायांवर आलं. कप्तान सुकाणूवरून मागे वळून माझ्याकडे बघत होता, समुद्राकडे नव्हे. खालचे कॅन जहाजाबरोबर हलत होते, आणि आतलं तेल एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला जात होतं. मला वाटत होतं माझ्या पोटातही तेच आहे. किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या. हात कुणी हलवला नाही. त्या वाट बघत होत्या, कशाची ते मला कळत होतं.

एका पोरसवदा खलाश्यानं धीर करून विचारलं, बुबू, ते कासवाचं काय आहे हो? मी त्याला म्हणालो, कासव नव्हतं. त्यानं ते जाऊन इतरांना सांगितलं, आणि मग माझ्याजवळ कुणीच आलं नाही.

जहाज बुडालं नाही. व्हिलाच्या धक्क्यावर साबणवाली बाई तिच्या गाडीसह उभी होती. तिनं एक बूच काढलं, बोट बुडवलं, वास घेतला, मनगटावर चोळलं. छान आहे, म्हणाली, पुढच्या फेरीलाही इतकंच पाठवा. मग तिनं विचारलं की हे आजोबा कॅनवरून उतरत का नाहीत. मी उतरलो. धक्क्याच्या खुंटाला धरून उभा राहिलो. एकेक कॅन गाडीत चढला. शेवटचा चढेपर्यंत मी बघत राहिलो, आणि तो चढला तेव्हा लेइपाकोआचं तेल पोहोचलं हे मला पहिल्यांदा खरं वाटलं.

मग कप्तान आला आणि म्हणाला, परवा सकाळी परत निघतोय, वारा चांगला आहे, दुपारपर्यंत घरी.

घरी डुक्कर होता. खोपीच्या दारात दोन पानं होती, आणि या वेळी हात वीतभर अंतरावर थांबून चालणार नव्हतं.

मी त्याला विचारलं, याहून सावकाश जाणारं एखादं जहाज आहे का.